भाव उतरला तेव्हा आम्ही वाढवणला होतो

शनिवारची सकाळ आणि डहाणू लोकल. विरारपर्यंत एका पायावर उभी होते. विरारला अर्धा डबा रिकामा झाला आणि मला चक्क खिडकी मिळाली. गार वारा, कानात गाणी, सोमवारपर्यंत एकही डेडलाइन नाही... सॉलिड वीकेंड मूड! वैतरणेची खाडी गेली, सफाळे गेलं, पालघर गेलं आणि मला नको ती बुद्धी सुचली. सहज म्हणून मोबाइलवर आमच्या क्रूझचा भाव बघितला.

तीच बोट, तीच तारीख, तीच बाल्कनीवाली केबिन. सप्टेंबरमध्ये आम्ही ती दोघांची मिळून १ लाख १२ हजारांना घेतली होती. आज स्क्रीनवर आकडा होता ८४ हजार.

रिफ्रेश केलं. ८४ हजार. बोईसर आलं, नेटवर्क गेलं, परत आलं. ८४ हजारच.

एका केबिनमागे २८ हजारांचा फरक. आणि आमच्या केबिन होत्या दोन. एक आई-बाबांची, माझ्या खिशातून. दुसरी आत्या आणि काकांची, आत्याच्या पोस्टातल्या आरडीतून. आणि मी निघाले कुठे होते? आत्याकडेच, वाढवणला. चौघांच्या बुकिंगचे प्रिंटआउट बॅगेत घेऊन!

आता तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी हे भोगलेलं असणार. शूज घेतले, दोन दिवसांनी सेल लागला. विमानाचं तिकीट काढलं, रात्रीत भाव पडला. आपण चार शिव्या हासडतो आणि कामाला लागतो. क्रूझचं तसं होत नाही. एक तर रक्कम मोठी. दुसरं, पैसे कित्येक महिने आधी द्यायचे आणि मग बोट सुटेपर्यंत त्याच केबिनचा भाव रोज वर-खाली होताना बघत बसायचं. एका मैत्रिणीने मला आधीच सांगितलं होतं, “बुकिंग झालं ना, की ती साइट परत उघडायची नाही.” मला तो सल्ला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला होता. तो किती महागात पडणारा सल्ला आहे, हे मला त्याच दिवशी दुपारी कळायचं होतं.

सप्टेंबरमध्ये आमच्या एजंटने सांगितलं होतं, “मॅडम, अर्ली बर्ड आहे. आत्ता घ्या, पुढे वाढणारच.” सिंगापूरहून सुटणारी चार रात्रींची बोट, फेब्रुवारीअखेर. आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं होणार म्हणून बेत ठरला. आत्याला मीच भरीस घातलं. अख्खं आयुष्य समुद्राच्या काठावर गेलं, पण मोठ्या बोटीत ती कधी बसली नव्हती. पासपोर्टसुद्धा याच निमित्ताने काढला. “आत्ताच पैसे भर, नंतर महाग होईल,” हे वाक्य एजंटचं, पण आत्यासमोर ते बोलले मी. पहिला हप्ता २५ टक्के. गंमत बघा, तो होता बरोबर २८ हजार.

वाणगावला उतरले तेव्हा पोटात गोळा आला होता.

वाणगाव म्हणजे मिरची. स्टेशनबाहेर पडलात की हिरव्या मिरच्यांच्या गोणी दिसतात आणि सीझन असेल तर नाकालाही कळतं. तिथून शेअर रिक्षाने चिंचणी आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने वरोर, मग वाढवण. वीकेंडला बोर्डी-डहाणूला जाणारी मुंबईकर जनता इकडे सहसा वळत नाही. रिसॉर्ट नाहीत, बीचवर घोडागाडी नाही, ‘व्ह्यू’ असलेला कॅफे नाही. ताडाची झाडं, चिकूच्या वाड्या, नारळ, कौलारू घरं आणि भिंतींवर मोठ्या अक्षरांत ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’. लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हाही बंदराची चर्चा असायचीच. तेव्हा ती मोठ्या माणसांची कंटाळवाणी चर्चा वाटायची.

या गावांचा आणखी एक गुण बाहेरच्यांना माहीत नसतो. वाढवण, वरोर, चिंचणी या पट्ट्यात घरोघरी ‘डायमेकिंग’ चालतं. सोन्याच्या दागिन्यावर जी नक्षी उठते ना, तिचा ठसा म्हणजे डाय. धातूच्या ठोकळ्यावर बारीक हत्याराने फूल, पान, मोर कोरायचा आणि मग त्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबला की दागिना तयार. तुमच्या आईच्या कानातल्या झुब्यांची नक्षी कदाचित याच पट्ट्यात कुणाच्या तरी पडवीत कोरलेली असेल. आमचे काका तीस-पस्तीस वर्षं हेच करत आले. आता कॉम्प्युटरवर डिझाइन काढून मशिनवर डाय कापतात, काकांचे डोळेही थकलेत, पण पडवीतलं टेबल आणि त्यावरचा वाकड्या मानेचा दिवा अजून जागेवर आहे.

आत्याने उकडहंडी लावली होती. आधी जेवणं झाली. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा “आणखी घे गं” मध्ये ते बंद झालं. शेवटी हात धुतल्यावर पडवीत बसून सांगून टाकलं. “आत्या, आपल्या केबिनचा भाव २८ हजारांनी उतरलाय.”

“बरं झालं की,” आत्या म्हणाली. “मग पैसे परत कधी देतायत?”

हाच तो प्रश्न! आणि तो विचारावा हे मुंबईत बसलेल्या, मास कॉमची डिग्री घेतलेल्या मला सुचलंही नव्हतं. मी गृहीतच धरलं होतं की पैसे गेले. आत्याने मात्र पडवीतलं उदाहरण काढलं. अक्षय्य तृतीयेच्या आधी बरेच मोठे सराफ स्कीम काढतात. थोडी रक्कम भरून आजच्या भावाने सोनं बुक करायचं. घेण्याच्या दिवशी भाव चढला असेल तर बुक केलेला भाव लागतो, उतरला असेल तर उतरलेला. दोन्हींत जो कमी, तो तुमचा. “सोन्यात जमतं, मग बोटीत काय अडतं?” आत्याने विचारलं.

मी एजंटला फोन लावला. शनिवार असूनही त्याने उचलला. आणि पुढचा अर्धा तास माझी जी शिकवणी झाली, ती तुमच्यापर्यंत पोचवणं हे माझं कर्तव्य आहे.

क्रूझच्या दुनियेत सगळं एका तारखेभोवती फिरतं, ती म्हणजे ‘फायनल पेमेंट’ची तारीख. बुकिंग करताना आपण डिपॉझिट भरतो. उरलेली रक्कम बोट सुटायच्या काही दिवस आधी भरायची असते. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत साधारण ७५ ते ९० दिवस आधी, छोट्या सफरींना त्याहून कमी. आमची होती साठ दिवस आधी, म्हणजे डिसेंबरच्या शेवटी. ही तारीख उलटायच्या आत भाव उतरला तर बहुतेक कंपन्या तुमचं बुकिंग नव्या भावाने करून देतात. याला ते ‘रिप्राइस’ म्हणतात. कारण साधं आहे. डिपॉझिट परत मिळणारं असेल तर तोपर्यंत तुम्ही बुकिंग रद्द करून लगेच नवीन करू शकता, मग कंपनीलाच ते आपणहून करून देणं सोपं पडतं.

अर्थात यातही मेख आहे. केबिनचा प्रकार तोच हवा. उतरलेला भाव तुमच्या देशातल्या ग्राहकांसाठी असायला हवा. सिंगापूरच्या रहिवाशांसाठीची ऑफर मालाडच्या रहिवाशाला लागत नाही. आणि जुन्या बुकिंगबरोबर काही फुकट मिळालेलं असेल, समजा ड्रिंक्सचं पॅकेज, तर नव्या भावात ते जाऊ शकतं. म्हणजे दहा हजार वाचवायला जाल आणि बारा हजारांची चैन घालवून बसाल! ‘नॉन-रिफंडेबल’ डिपॉझिटचं स्वस्त भाडं घेतलं असेल तर आणखी वेगळे नियम. पण सगळ्यांत मोठी मेख म्हणजे, कंपनी तुम्हाला फोन करून “ताई, भाव उतरलाय बरं का” असं सांगत नाही. मागेल त्यालाच मिळतं. जो मागत नाही, त्याला भाव उतरल्याचा पत्ताही लागत नाही.

फायनल पेमेंट झाल्यावर दार जवळजवळ बंद. रोख परत मिळणं विसरायचं. फार तर विनंती करायची. केबिन वरच्या दर्जाची करून देता का, किंवा ‘ऑनबोर्ड क्रेडिट’ देता का, म्हणजे बोटीवर खर्च करायचे पैसे. देतील किंवा देणार नाहीत, सगळं त्यांच्या मर्जीवर. अपवाद असतात. कार्निव्हल या अमेरिकन कंपनीचं ‘अर्ली सेव्हर’ नावाचं भाडं कित्येक वर्षं गाजत होतं. लवकर बुक करा, पुढे बोट सुटायच्या दोन दिवस आधीपर्यंत भाव उतरला तर अर्ज करा, फरक ऑनबोर्ड क्रेडिटमध्ये मिळेल. त्या बदल्यात डिपॉझिट परत नाही आणि बुकिंगमध्ये बदल केलात तर दंड. आत्याच्या सराफाच्या स्कीमचीच ही सागरी आवृत्ती! फक्त इथे मिळालेले पैसे त्याच दुकानात खर्च करायचे.

आता रद्द करून नवीन घेऊ का? तेही विचारलं. आमची तारीख उलटून गेलेली, रद्द केलं तर ५० टक्के कापणार. म्हणजे २८ हजार वाचवायला ५६ हजार घालवायचे. काकांनी हे ऐकून पहिल्यांदाच मान वर केली आणि हसले.

मग एजंट म्हणाला, “मॅडम, नोव्हेंबरअखेर ब्लॅक फ्रायडेच्या ऑफरमध्ये हीच केबिन ९९ला आली होती. तेव्हा तुमचं फायनल पेमेंट बाकी होतं. तुम्ही बोलला असतात तर दोन मिनिटांत करून दिलं असतं.”

“तुम्ही का नाही सांगितलं?”

“मॅडम, एवढी बुकिंग्ज असतात. प्रत्येकाची रोज कुठे बघणार?”

म्हणजे बघा, आजच्या २८ हजारांसाठी कंपनीला कितीही नावं ठेवली, तरी त्यातले १३ हजार माझ्या आळसाने गेले होते. ‘साइट परत उघडायची नाही’ हा सल्ला! मी नोव्हेंबरअखेर काय करत होते ते आठवलं. ब्लॅक फ्रायडेला स्मार्ट शॉपिंग कसं करावं, यावर लेख लिहीत होते.

आत्याने विषय बदलला. माझी दया आली असावी. “इथे बंदर झालं की तुझी क्रूझ इथूनच सुटेल का गं?”

नाही सुटणार. इथे होणार आहे ते मालवाहतुकीचं बंदर. २०२४ च्या १९ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. खर्च ७६ हजार कोटींहून जास्त. हजार-हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स, समुद्रात भराव घालून तयार होणारी १,४४८ हेक्टर जमीन, दहा किलोमीटरचा बंधारा. किनाऱ्याजवळच वीसेक मीटर नैसर्गिक खोली मिळते, म्हणून जगातली सगळ्यांत मोठी कंटेनर जहाजं इथे लागू शकतील, असं सरकारचं गणित. यादीत द्रवरूप मालाचे धक्के आहेत, तटरक्षक दलाचा धक्का आहे, क्रूझचा नाही. क्रूझसाठी मुंबईत बॅलार्ड पिअरला टर्मिनल बांधलंय, त्याचं उद्‌घाटन २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झालं.

पण क्रूझ आणि वाढवण यांचा संबंध नाही असं कोण म्हणतं? १९९०च्या दशकात इथे बंदर बांधायला जी कंपनी आली होती, तिचं नाव पी अँड ओ. आता हे नाव नीट ऐका. मुंबईची विलायती डाक आणि साहेबलोक वर्षानुवर्षं ज्या कंपनीच्या बोटींतून बॅलार्ड पिअरला उतरले, ती ही. पुढे बंदरांच्या धंद्यातही उतरली. आणि १८४४ मध्ये भूमध्य समुद्रातल्या सहलींची जाहिरात करून ‘मजेसाठी बोटीने फिरा’ ही कल्पना ज्यांनी विकायला काढली, त्यांत हिचं नाव पहिलं घेतात. म्हणजे क्रूझच्या धंद्याची आजी म्हणा ना!

तर ही आजी वाढवणला आली आणि रिकाम्या हाताने परत गेली. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने बंदराला नकार दिला. पी अँड ओ गेली. पुढे २००० मध्ये तिचा क्रूझचा धंदा वेगळा निघाला, २००३ मध्ये कार्निव्हलच्या पंखाखाली गेला आणि बंदरांचा धंदा २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने घेतला. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने नव्या बंदराला परवानगी दिली आणि २०२४ मध्ये हायकोर्टाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या.

गावात ‘अठ्ठ्याण्णव’ म्हटलं की अजून डोळे चमकतात. आत्या त्या वेळी मोर्चात होती. माझा आतेभाऊ बोईसरला एमआयडीसीत नोकरी करतो आणि बंदरात नोकऱ्या निघतील का याची चौकशी करतो. दोघं एकाच ताटातलं जेवतात, पण जेवताना हा विषय काढत नाहीत.

उन्हं उतरल्यावर किनाऱ्यावर गेलो. वाढवणचा किनारा पोस्टकार्डातला नाही. वाळू कमी आणि खडक जास्त. ओहोटीला समुद्र मागे सरकला की काळ्या खडकांचं पठारच उघडं पडतं. पाण्याने भरलेल्या खळग्यांत खेकडे, शिंपले, बारकी मासळी. बायका वाकून कालवं काढत असतात. पुढे शंखोदर, ज्याला आत्या लांबूनच हात जोडते. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी दिसते, दक्षिणेला १९६९ पासून वीज देणारं तारापूर. या दोघांच्या मध्ये हा एवढा तुकडा अजून मोकळा. ज्या पाण्याकडे बघत मी चहा पीत होते, तिथे भराव पडणार आहे. हे वाक्य मी बातमीत कित्येकदा वाचलंय. तिथे उभं राहून वाचलं नव्हतं.

परत येताना रस्त्याच्या कडेला एक बाई पाटीत उरलेले बोंबील घेऊन बसली होती. सकाळचा भाव आत्याला पाठ. आता तिने निम्मा सांगितला, आत्याने त्याहून कमी केला, सौदा झाला. “तुझ्या बोटवाल्याचंही असंच,” आत्या म्हणाली. “उरलेला माल उद्या कोण घेणार?”

अगदी! एमबीएवाले याला ‘यील्ड मॅनेजमेंट’ म्हणतात. बोट सुटली की रिकाम्या केबिनची किंमत शून्य. शिवाय केबिन भरली तर आत बसलेला माणूस दारू पितो, फोटो विकत घेतो, कॅसिनोत जातो, म्हणजे भाड्यावर तोटा आला तरी पुढे वसूल. त्यात जानेवारी ते मार्च हा क्रूझवाल्यांचा ‘वेव्ह सीझन’, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या ऑफरचा काळ. फेब्रुवारीत सुटणाऱ्या बोटीच्या उरलेल्या केबिन जानेवारीत स्वस्त होणं, यात नवल काहीच नव्हतं. नवल एवढंच की एजंटच्या ‘वाढणारच’वर मी विश्वास ठेवला.

खरा वाद रात्री झाला, काका आणि आत्यामध्ये. मी फक्त प्रेक्षक.

काकांचं म्हणणं, भाव ठरला म्हणजे ठरला. २०१९ च्या दिवाळीत त्यांनी वाणगावच्या बाजूची सहा गुंठे जमीन विकली होती, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आणि मुलाच्या लग्नासाठी. तीन महिन्यांनी, ५ फेब्रुवारी २०२० ला केंद्राने बंदराला तत्त्वतः मंजुरी दिली. त्यानंतर त्या भागात जमिनीचे भाव कुठे गेले, हे काकांना लोक येता-जाता ऐकवतात. “मी गेलो का घेणाऱ्याच्या दारात फरक मागायला? तोंड आहे का मला? तसंच हे. आपण आपल्या खुशीने १ लाख १२ हजार दिले.”

आत्या म्हणाली, ते जमिनीचं. जमीन एकदाच विकतात. पण ज्याला रोज दुकान मांडायचंय तो असं वागत नाही. सकाळी जिने महाग बोंबील घेतले, तिने संध्याकाळी स्वस्त विकताना बघितलं तर कोळीण दुसऱ्या दिवशी दोन वर टाकते. गिऱ्हाईक परत यायला हवं.

मला दोघांचंही पटत होतं. पण मी तेव्हाच, आयुष्यात पहिल्यांदा, बुकिंगच्या अटी पूर्ण वाचायला घेतल्या. अठरा पानं, मोबाइलवर! आणि तिथे एक कलम सापडलं, जे बऱ्याच क्रूझ कंपन्यांच्या करारात असतं. इंधन महागलं तर पूर्ण पैसे भरल्यानंतरही प्रवाशाकडून जादा ‘फ्युएल सप्लिमेंट’ घेण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. म्हणजे काकांचं ‘ठरलं ते ठरलं’ फक्त आपल्याला लागू! त्यांच्या बाजूने ते कधीच पूर्ण ठरत नाही.

हे वाचून काका गप्प झाले. मग म्हणाले, “मग माग. लेखी माग.”

युरोपात यावर निदान थोडा उपाय आहे. युरोपियन युनियनच्या २०१५ च्या पॅकेज-प्रवासाच्या नियमानुसार इंधन, कर किंवा चलनाचा दर वाढला म्हणून कंपनीला भाव वाढवायचा असेल, तर तेच उतरल्यावर प्रवाशाला भाव कमी करून मागण्याचा हक्क करारात द्यावा लागतो. आणि वाढ ८ टक्क्यांहून जास्त असेल तर प्रवासी दंड न भरता रद्द करू शकतो. मागणी घटली म्हणून पडलेल्या भावाला मात्र हा नियम लागत नाही. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आली, पण नुसता भाव उतरला म्हणून कुणी त्याखाली पैसे परत मागायला गेलं तर हात हलवत येईल. सेवेत काही खोट नाही, आपण अटींवर टिक केलेलं आहे. तेव्हा उरतं ते मागणं. नम्रपणे, लेखी, पुराव्यासकट.

रात्री साडेदहाला, पडवीत, काकांच्या त्या वाकड्या मानेच्या दिव्याखाली मी मेल लिहिला. बुकिंग नंबर, केबिनचा प्रकार, आजच्या भावाचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि सरळ मागणी की वरची केबिन द्या, नाहीतर ऑनबोर्ड क्रेडिट द्या. ‘अन्याय’, ‘फसवणूक’ असे शब्द आत्याने काढायला लावले. “मागायला गेल्यावर शिव्या देत नाहीत,” म्हणाली. एजंटला कॉपीत ठेवलं, कारण त्याच्यामार्फत केलेल्या बुकिंगला कंपनी परस्पर हात लावत नाही. स्क्रीनशॉटचं लक्षात ठेवा. भाव दुपारपर्यंत बदलतो आणि मग आपल्याजवळ दाखवायला काहीच उरत नाही. आणखी एक, बोटीवरच्या सहली किंवा ड्रिंक्सची पॅकेजं आधीच घेतली असतील तर तीही अधूनमधून बघा. बऱ्याच कंपन्यांत ती बोट सुटायच्या थोडं आधीपर्यंत रद्द करून उतरलेल्या भावाने परत घेता येतात, फायनल पेमेंट होऊन गेलं असलं तरी.

मग मी आत्याला म्हटलं, “नोव्हेंबरमधले तेरा हजार माझ्या चुकीने गेले. ते मी तुला देते.” तेरा हजार म्हणजे माझ्या दोन लेखांचं मानधन, तेही वेळेवर आलं तर.

काका लगेच म्हणाले, “काही नको गं, पोरीकडून काय घ्यायचे?”

आत्या म्हणाली, “दे. जीपे कर.”

आणि केले. आत्याने फोनवर टिंग वाजल्याची खात्री केली, आरडीच्या पासबुकात ठेवलेल्या कागदावर आकडा लिहिला आणि आत जाऊन माझ्यासाठी पातळ पांघरूण घेऊन आली. सकाळी निघताना पाच किलो चिकूही बांधून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत.

मेलचं उत्तर चार दिवसांनी आलं. भाव ‘डायनॅमिक’ असतात, फायनल पेमेंटनंतर फरक देता येत नाही, वरची केबिन शिल्लक नाही. पण ‘गुडविल जेश्चर’ म्हणून दोन्ही केबिनला ७५-७५ डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट. म्हणजे केबिनमागे साधारण साडेसहा हजार रुपये. २८ हजारांच्या पुढे काहीच नाही आणि शून्यापेक्षा बरंच काही. मी लगेच वाढवणला फोन लावला.

“पण ते रोख नाही मिळायचे, आत्या. बोटीवरच खर्च करायचे. कॉफी, फोटो, स्पा, दुकानं...”

आत्याने जरा विचार केला. “चार दिवसांचे कपडे धुऊन मिळतात का त्यात, विचार. म्हणजे येताना ओली बॅग आणायला नको.”

विचारलं. मिळतात.